कुलाबा किनाऱ्यावरील आरमारी तोफमारा : लेखनपरंपरेची एक तपासणी

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सतराव्या आणि अठराव्या शतकांत ज्या आरमारी लढाया झाल्या, त्यांवर इंग्रजीत व मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखनात एक गोष्ट सहज लक्षात येते. जहाजे आली, तोफा डागल्या गेल्या, तट टिकला अथवा पडला, एवढ्यावरच बहुतेक वर्णने संपतात. तटाच्या पाठीमागे काय होते, याचा विचार क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीची मर्यादा दाखवावयाची आहे. त्यासाठी पेण व रोहा ही खाडीकाठची दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवली आहेत. या गावांच्या तटांवर मोठ्या आरमाराने तोफा डागल्याची कथा कोणी सांगत नाही. आणि नेमक्या याच कारणाने ती इतिहासलेखनातून निसटली आहेत.

प्रथम साधनांचा विचार करू. क्लेमंट डाउनिंग हा कंपनीच्या आरमारात होता. १७२१ च्या कुलाब्यावरील मोहिमेत तो स्वतः हजर होता व त्याचा ग्रंथ १७३७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट ऑर्मचा ग्रंथ १७८२ चा. तो मुख्यतः कंपनीच्या दप्तरावर उभा आहे. विजयदुर्गच्या मोहिमेचे वर्णन करणारा एडवर्ड आइव्ज हा ॲडमिरल वॉटसनच्या जहाजावरील शल्यवैद्य होता. त्याचे पुस्तक १७७३ मध्ये निघाले. हे तिघेही उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु ज्या जागेवरून या वर्णनांतील माणसे पाहत होती ती जागा जहाजाची किंवा वखारीची आहे. जहाजावरून तट दिसतो, बुरूज दिसतो, धूर दिसतो. खाडीच्या वळणाआड रात्री भरतीबरोबर सरकणारा पडाव मात्र दिसत नाही.

मराठी लेखनाने ही उणीव भरून काढावयास हवी होती. दा. गो. ढबू यांच्या ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ (१९३९) या ग्रंथाने आंग्रे घराण्याविषयीची माहिती परिश्रमपूर्वक एकत्र केली, आणि त्याबद्दल प्रत्येक अभ्यासक त्यांचा ऋणी आहे. पण घराण्याचा इतिहास म्हटला की केंद्रस्थानी घराणे व त्याचा किल्ला येणे क्रमप्राप्तच असते. त्यानंतरच्या लोकप्रिय लेखनात तर इंग्रजी वर्णनाचा सांगाडा तसाच ठेवून केवळ विशेषणे बदललेली दिसतात. तेथे ‘चाचा’ होता, येथे ‘वीर’ झाला. विशेषण बदलले म्हणून दृष्टी बदलते असे नाही. दोन्ही पक्षांचे लेखक तटाकडेच पाहत राहिले.

आता प्रत्यक्ष घटना या कसोटीवर घासून पाहू. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मायनाक भंडारी तेथे होता. मुंबईकर इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आरमाराशी झुंज होऊन इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिली. पुढे सिद्दीचे आरमार आले आणि त्यानेही बेटावर गोळे टाकले. तरीही खांदेरी पडली नाही, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. याचे कारण तटाच्या जाडीत शोधणे व्यर्थ आहे, कारण तट अद्याप पुरा झालाच नव्हता. कारण आहे ते बेटाला मिळणाऱ्या रसदेत. थळ व नागाव येथून उथळ पाण्यात चालणारी हलकी होडकी रात्री बेटाला सामान पोचवीत होती. खोल तळाच्या इंग्रजी जहाजांना त्यांचा पाठलाग किनाऱ्यापर्यंत करता येत नव्हता. वारा पडला तर तेवढेही नाही. इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारात याची तक्रार आहे. १९३१ साली पुण्यास प्रसिद्ध झालेल्या शिवकालीन इंग्रजी पत्रसंग्रहामुळे हा पत्रव्यवहार अभ्यासकांस उपलब्धही आहे. म्हणजे पुरावा होता. त्याला प्रश्न विचारला गेला नाही.

ही गोष्ट इंग्रजांपेक्षा जंजिऱ्याच्या सिद्दीने अधिक ओळखली होती. १६७३ च्या ऑक्टोबरात त्याचे आरमार मुंबईच्या बंदरात शिरले व त्याच्या टोळ्यांनी पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांकाठची गावे उजाड केली. या स्वारीला पाठ्यपुस्तकांत लुटालूट यापलीकडे स्थान नाही. वस्तुतः ती युद्धनीती होती. पेणचे मीठ व भात अंतोरा बंदरातून धरमतरच्या खाडीत उतरे. कुंडलिकेच्या काठी रोहे आणि पैलतीरी अष्टमी. तेथवर भरतीच्या पाण्याने गलबते येत आणि मुखाशी रेवदंडा-चौल लागे. १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी निघालेली हेन्री ऑक्झिंडनची वकिलातही चौलवरून याच नदीने अष्टमीस उतरून पुढे रायगडाकडे गेली. समुद्रावरील किल्ल्यांचे पोट या दोन खाड्यांवर अवलंबून होते. सिद्दीने पोटावर घाव घातला, कंपनीने कपाळावर.

१७१८ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर चार्ल्स बून याच्या आरमाराने खांदेरीवर पुन्हा मारा केला व तो पुन्हा फसला. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूजची राजेशाही जहाजे दिमतीस होती. या वेळी चौलच्या बाजूने खुष्कीची फौजही कुलाब्यावर चालून गेली. म्हणजे जमिनीची बाजू धरल्याशिवाय निर्णय नाही, हे त्यांना कळले होते. परंतु तीच बाजू बाजीरावाच्या घोडदळाने अडविली. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि मोहीम संपली. कुलाब्याचा तट येथेही गौण ठरला.

या विधानावर एक आक्षेप संभवतो. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनने विजयदुर्ग घेतला. मग तोफमारा निष्फळ कसा म्हणावा? आक्षेप योग्य आहे आणि त्यास बगल देऊ नये. विजयदुर्गाखाली एकत्र नांगरून ठेवलेले तुळाजीचे आरमार एका कुलपी गोळ्याने लागलेल्या आगीत भस्म झाले, हे तोफमाऱ्याचेच फळ होय. पण दोन्ही ठिकाणी समोरचा किनारा कोणाकडे होता? पेशव्यांच्या फौजेकडे. तुळाजीला पाठीमागून दाणा मिळण्याची वाट बंद होती. १२ फेब्रुवारीच्या रात्री क्लाइव्ह सैन्यासह जमिनीवर उतरला, तो किल्ला व पेशव्यांची फौज यांच्यामध्ये उभे राहण्यासाठी. निर्णय कोठे लागणार, हे त्याने अचूक जाणले होते. जो किनारा १६७९ व १७२१ मध्ये किल्ल्यांच्या पाठीशी होता, तोच १७५६ मध्ये विरुद्ध झाला. आपल्या इतिहासातील ही कटू गोष्ट केवळ तोफांचे आकडे मोजल्याने कळत नाही.

भूमध्य समुद्रावरील अल्जीअर्सचा दाखला येथे उपयोगी पडेल. फ्रेंचांनी त्या शहरावर १६८२, १६८३ व १६८८ मध्ये उखळी तोफांचा मारा केला. २७ ऑगस्ट १८१६ रोजी लॉर्ड एक्समथने डच जहाजांसह दिवसभर गोळे टाकून बंदरातील आरमार जाळले व गुलाम सोडवून घेतले. शहराची अपरिमित हानी झाली, तह झाले, पण सत्ता टिकून राहिली. १८३० च्या जूनमध्ये फ्रेंच फौज शहराच्या पश्चिमेस सीदी फरूश येथे उतरली, जमिनीच्या बाजूने किल्ला घेतला, आणि ५ जुलैस अल्जीअर्स पडले. त्या शहरालाही युरोपीय लेखकांनी दीर्घकाळ केवळ चाच्यांचे घर म्हणून रंगविले, हे साम्य योगायोगाचे नाही. जहाजावरून लिहिलेल्या इतिहासाला समोरचे शहर हे लक्ष्य म्हणूनच दिसते.

तात्पर्य, तोफमाऱ्याचा इतिहास लिहिताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत : पाणी किती खोल होते, पाठीमागची खाडी कोणाच्या ताब्यात होती, आणि दाणागोटा कोणत्या गावांतून येत होता. पहिल्याचे उत्तर भरती-ओहोटीत व सागरी नकाशांत आहे. उरलेल्या दोहोंची उत्तरे पेण, रोहे, नागोठणे येथील जमीनमहसुलाच्या, जकातीच्या व मिठागरांच्या कागदांत शोधावी लागतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी खांदेरीवर आणखी एक प्रबंध लिहिण्याऐवजी अंतोरा बंदरावर एखादा लिहिला, तर खांदेरीचाच इतिहास अधिक स्पष्ट होईल. ज्या कोळी, भंडारी व आगरी लोकांनी रात्री होड्या वल्हविल्या आणि ज्यांच्या गावांना त्याची किंमत मोजावी लागली, त्यांची नोंद आपल्या लेखनात होणे, एवढीच ही अपेक्षा आहे.