‘मंडळी’ आणि ‘दरबार’ : रेव्हरंड टिळकांच्या वाचनातील एक सुटलेला धागा

‘मंडळी’ हा शब्द मराठीत फार सैलपणे वापरला जातो. पंगतीला बसली ती मंडळी, भजनाला जमली ती मंडळी. आणि जुन्या वळणाचा गृहस्थ ‘आमची मंडळी माहेरी गेली आहेत’ असे म्हणाला, तर ती त्याची बायको. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र या शब्दाला एक नेमका अर्थ आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून एकत्र आणलेल्या माणसांची सभा. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला. चर्च म्हटले की बाहेरच्या माणसाला इमारत आठवते. आमच्या नगरकडे इमारत कोसळली तरी मंडळी राहते, आणि इमारत शाबूत असूनही मंडळी मोडू शकते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे वाङ्मय गेली वीसएक वर्षे मी वाचतो आहे. मी प्राध्यापक नाही. पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून नोकरी केली आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जमेल तसे टिपले. या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली. टिळकांवर लिहिणाऱ्या आपल्या समीक्षेने व्यक्ती पाहिली, मंडळी पाहिली नाही. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या आणि सर्वांत धाडसी प्रयोगाचा, ‘देवाच्या दरबारा’चा, अर्थही अर्धाच लागला.

आपण टिळकांना कसे शिकतो? केशवसुतांचे समकालीन, फुलामुलांचे कवी, बालकवींना आपल्या घरात आसरा देणारे गुरुतुल्य गृहस्थ. त्यांच्या भजनांचा उल्लेख ‘त्यांनी धार्मिक रचनाही केली’ एवढ्या वाक्यात संपतो. धर्मांतराची हकीगत येते ती एका एकट्या, अस्वस्थ माणसाच्या आत्मशोधाची कथा म्हणून. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला, घर तुटले, पत्नी दुरावली, पुढे परत आली. ही हकीगत खरीच आहे. पण बाप्तिस्मा घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे गेला, कोणात बसला, कोणाच्या ताटाशेजारी जेवला, हे प्रश्न त्या कथेत उमटत नाहीत.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त मात्र ते पानोपानी आहेत. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या या पुस्तकाचे कौतुक त्यातल्या विनोदासाठी आणि प्रांजळपणासाठी झाले, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते त्याचा कणा वेगळा आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या त्याच्याकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. त्यांचा पालट सिद्धान्तापासून सुरू झाला नाही. आधी पाण्याचा आणि अन्नाचा विटाळ गेला, देवाने माणसात भेद केला नाही हे मनाला पटले, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती होणे म्हणजे काही मते मान्य करणे एवढेच असते, तर हा क्रम उलटा दिसला असता. लक्ष्मीबाईंना ठाऊक होते की आपल्याला एका विश्वासात जायचे आहे तसेच काही माणसांतही जायचे आहे, आणि ती माणसे आपण निवडलेली नाहीत.

ती माणसे कोण होती? अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. पुढच्या काळात नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत आलेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतली होती. माझे पणजोबा त्यांपैकीच एक. या मिशनची परंपरा अशी की चर्चचे मूळ एकक म्हणजे स्थानिक मंडळी. कुणा दूरच्या बिशपची सत्ता तिच्यावर नसे. पाळक, वडील, वर्गणी, वाद, सगळे त्या गावातले. विद्वान ब्राह्मण कवी आणि वेशीबाहेरचा शेतमजूर एका सतरंजीवर बसणार आणि एकाच भाकरीचा तुकडा प्रभुभोजनात घेणार, हे त्या काळी प्रवचनात सांगायला सोपे आणि रविवारी करायला अवघड होते. टिळकांनी ते केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

मग १९१७ साल येते. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले येतील आणि न घेतलेलेही येतील, परदेशी पैसा आणि परदेशी हुकूम असणार नाही, भजन, कीर्तन, अभंग हीच उपासनेची भाषा राहील. समीक्षकांना हा प्रयोग आवडतो, आणि का आवडू नये? त्यात स्वाभिमान आहे, उदारता आहे, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाची प्रामाणिक ओढ आहे. ‘टिळकांनी चर्चच्या भिंती ओलांडल्या’ असे वाक्य या विषयावरच्या लेखनात हटकून भेटते.

या वाक्याशी माझे भांडण आहे, कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. मिशन आणि मंडळी एक नव्हेत. मिशन म्हणजे परदेशातून आलेली संस्था, तिचे पगार, तिचे बंगले, तिचे साहेब. मंडळी म्हणजे गावातली माणसे. टिळकांचा राग मिशनवर होता आणि तो रास्त होता. पण दरबाराच्या रचनेत मिशनबरोबर मंडळीचीही एक अट सैल झाली. बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याला ख्रिस्तावर प्रेम करता येत होते, भजन म्हणता येत होते, आणि तरी त्या सतरंजीवर बसण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. टिळकांचा हेतू असा होता, असे मी म्हणत नाही. त्यांनी स्वतः ती किंमत १८९५ मध्येच पुरेपूर मोजली होती. मी परिणामाबद्दल बोलतो आहे. लक्ष्मीबाईंना जो उंबरठा ओलांडायला वर्षे लागली, तो दरबारात ओलांडलाच पाहिजे असे राहिले नाही.

दुसरा फरक अधिक साधा आहे. दरबार भरतो तो कुणाभोवती तरी. टिळकांच्या मनात मध्यभागी ख्रिस्त होता, यात शंका नाही. पण प्रत्यक्षात माणसे जमली ती टिळकांच्या प्रेमाने, त्यांच्या वाणीने. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. मंडळीचे तसे नसते. पाळक येतात, बदलून जातात, कधी नावडतात. मंडळी तिथेच असते, कारण ती आवडीवर उभी नसते. वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पंढरीची वाट मोकळी आहे, एकट्याने चालायला कुणाची आडकाठी नाही, तरी माणूस आपल्या दिंडीतून चालतो. दिंडीत आपल्याला न आवडणारा शेजारीही असतो, आणि त्याच्याच पायाशी पाय जुळवावा लागतो.

इथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण माझ्याविरुद्ध दिले जाईल. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्या अँग्लिकन मार्गदर्शक भगिनींशी जो पत्रव्यवहार केला, त्यात कुठल्याही एका पंथाच्या मतांना स्वतःला बांधून घ्यायचे त्यांनी ठाम नाकारले. पण पुढे त्यांनी केले काय? केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध, परित्यक्ता यांचे तिथे गाव वसले, उपासनेला एकत्र बसणारा समुदाय झाला. पंथ नाकारणाऱ्या बाईलाही माणसांचा जमाव बांधल्यावाचून आपला विश्वास जगता आला नाही. पंथाची सक्ती एक, मंडळीची गरज दुसरी. रमाबाईंनी पहिली झुगारली आणि दुसरी स्वतःच्या हातांनी भागवली.

नव्या करारातली पत्रे पाहिली तरी हेच दिसते. पौलाची बहुतेक पत्रे गावांच्या मंडळ्यांना आहेत : करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका. फिलेमोनाला लिहिलेले चिमुकले पत्र वरवर खासगी आहे. पळून गेलेल्या दासाला परत स्वीकार, एवढीच त्यात विनंती. पण त्याच्या मायन्यात फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीचेही नाव आहे. म्हणजे हे पत्र सर्वांसमोर वाचले जाणार होते. मालकाला दासाशी ‘भाऊ’ म्हणून वागायचे होते ते साक्षीदारांच्या देखत. एकट्याला क्षमा करायला सांगणे आणि चारचौघांत सांगणे यांत जे अंतर आहे, त्यालाच मी मंडळी म्हणतो.

हे सगळे मी ग्रंथालयात शिकलो असे लिहिले तर ते खोटे ठरेल. अकरा वर्षे मी मंडळीत जात नव्हतो. पंचांच्या निवडणुकीवरून वाद झाला, हिशेबाच्या वहीवरून शब्दाला शब्द लागला आणि मी उठून आलो. घरी बायबल वाचायचो, टिळकांची ‘अभंगांजली’ वाचायचो, आणि या भांडखोर माणसांवाचून माझे काही अडत नाही असे मला मनापासून वाटायचे. मंडळी निर्मळ नसते, हे मी जवळून पाहिले आहे. लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारणारी ख्रिस्ती कुटुंबे मला ठाऊक आहेत. टिळकांचा दरबार मला त्या वर्षांत फार जवळचा वाटे. माझ्यासारख्यासाठीच तो होता, असे वाटे.

मग आई गेली. रात्री दोनच्या सुमाराला गेली आणि पहाटे पाचला दारात माणसे होती. ज्याच्याशी हिशेबावरून भांडलो होतो तो सर्वांत आधी आला. पेटीचे त्याने पाहिले, दफनभूमीत खड्डा खणणाऱ्यांना त्यानेच उठवले. माझ्याशी तो फारसे बोलला नाही, मीही बोललो नाही. बायका आईजवळ बसल्या आणि गाऊ लागल्या. कुणाच्या हातात ‘उपासना संगीत’ नव्हते. एकीचे कडवे संपण्याआधी दुसरी उचलत होती. त्यांतली बरीचशी गीते टिळकांची होती. त्या बायकांपैकी काहींना अक्षर ओळख बेताचीच. फुलामुलांचा कवी हे बिरुद त्यांनी ऐकलेले नसणार.

त्या पहाटे मला टिळकांविषयी जे कळले, ते तोपर्यंतच्या वाचनाने कळले नव्हते. दरबार गेला आणि टिळक राहिले. पण राहिले कुठे? पाठ्यपुस्तकात दोन-तीन कवितांपुरते, आणि मंडळीत मात्र दर रविवारी. ज्या चौकटीपेक्षा मोठे काही त्यांना उभारायचे होते, तिनेच त्यांचे शब्द शंभर वर्षे तोंडात धरून ठेवले. त्यांची गीते कागदावर वाचणाऱ्या समीक्षकाला ती कधी साधी, कधी पुनरुक्तीची वाटतात. ती तशी आहेतच. थकलेल्या, बेसूर, निरक्षर माणसांनाही एकत्र म्हणता यावे यासाठी ती लिहिली आहेत. त्यांतला ‘मी’ही पन्नास गळ्यांतून येतो. एकांतात वाचून त्यांची प्रत ठरवणे म्हणजे पंगतीचा स्वयंपाक एका वाटीत घेऊन जोखणे होय.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चेस बंद झाली आणि उपासना मोबाईलवर आली. आजारी, म्हाताऱ्या माणसांची त्याने मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दारे उघडल्यावरही काहीजण परतले नाहीत. त्यांना आवडीचा प्रवचनकार सापडला होता. तो कंटाळवाणा झाला तर दुसरा लावता येतो. हाही एक दरबारच आहे, टिळकांच्या दरबारातला त्याग वजा केलेला. त्यात कुणी आपल्याला हिशेब विचारत नाही, आणि पहाटे पाचला कुणी दारातही येत नाही.

टिळकांचा प्रयोग फसला म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. साहेबाच्या पगारावरचा धर्म मराठी मातीत रुजणार नाही, हे त्यांनी ओळखले होते, आणि पुढच्या ख्रिस्ती समाजाने तो धडा घ्यायलाच हवा होता. माझे म्हणणे एवढेच की दरबाराची थोरवी सांगताना मंडळीला भिंत म्हणू नये. टिळकांच्या समग्र वाङ्मयाचा नव्याने अभ्यास करणाऱ्याने एखादा रविवार नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही लहान गावच्या उपासनेत मागच्या बाकावर बसून काढावा, आणि मग भजनांवरचे प्रकरण लिहावे.

मी आता पुन्हा जातो. हिशेबाचा वाद अजून मिटलेला नाही. तो गृहस्थ माझ्या पुढच्याच बाकावर बसतो आणि दर गीताला अर्धी मात्रा मागे राहतो. मी त्याच्यासाठी थांबायला शिकतो आहे.