माणसं मापापुरती

पौर्वात्यवादी चित्रकला म्हटलं की हमामखाना, गुलामांचा बाजार, अंगाला साप गुंडाळलेला उघडा पोरगा असलं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. त्यात इराण जवळपास नाहीच. फ्रेंच चित्रकार दलाक्र्वा १८३२मध्ये मोरोक्कोला गेला, जेरोमनं इजिप्त आणि तुर्कस्तान पालथं घातलं. जहाजानं गाठता येईल तेवढी पूर्व या मंडळींनी रंगवली. तेहरान गाठायचं तर डोंगर ओलांडत घोड्या-खेचरांवर आठवडेच्या आठवडे काढावे लागत. तिथवर पोचले ते बहुतेक कुठल्या तरी वकिलातीच्या किंवा मोहिमेच्या दिमतीला दिलेले चित्रकार.

युजेन फ्लांदँ आणि पास्काल कोस्त हे त्यातले ठळक. १८४०-४१मध्ये ते फ्रेंच वकिलातीबरोबर गेले, आणि कामगिरी होती वास्तूंची चित्रं काढण्याची. ती त्यांनी चोख बजावली. मशिदी, मदरसे, बाजारांची छतं, सगळं मोजूनमापून. खाली कोपऱ्यात गुडगुडी ओढणारे, खेचरवाले, चादरीतल्या बायका दिसतात. पण त्यांची मुख्य चाकरी कमान किती उंच आहे हे दाखवण्याची. जनानखान्यात परक्या पुरुषाला मज्जावच होता, तेव्हा अर्धा संसार असाही नजरेआड राहिला.

एडवर्ड सईदचा पौर्वात्यवादावरचा १९७८चा ग्रंथ आणि त्याच्या मुखपृष्ठावरच्या जेरोमच्या ‘गारुडी’ची कला-इतिहासकार लिंडा नॉकलिननं १९८३मध्ये केलेली चिरफाड यांनी या कलेवरचे आरोप पक्के केले: पूर्व म्हणजे वासना, आळस, क्रौर्य. इराणच्या चित्रांना हे आरोपपत्र जसंच्या तसं लावणं मला आळशीपणाचं वाटतं. इथला गुन्हा लालसेचा नसून माणसांबद्दलच्या बेपर्वाईचा आहे. अपवाद फ्रेंच चित्रकार जूल लोरान्सचा. तो ज्या मोहिमेबरोबर गेला तिचा प्रमुख १८४८मध्ये इस्फहानला वारला. लोरान्सच्या रेखाटनांतली माणसं मात्र चेहऱ्यांसकट उरली.

खरा खजिना तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. इटलीत शिकून आलेल्या सानी-उल-मुल्क या इराणी चित्रकारानं १८५०च्या दशकात हाताखाली चित्रकारांचा ताफा घेऊन ‘हजार आणि एक रात्री’चे सहा खंड चितारले. गोष्ट बगदादच्या खलिफा हारून-अल-रशीदची, पण पगड्या, पडदे, गालिचे, घरातल्या बैठका सगळ्या त्याच्याच काळातल्या, काजार राजवटीतल्या इराणमधल्या. बगदादच्या नावाखाली तो आपलंच शहर रंगवत होता. त्याचा पुतण्या कमाल-उल-मुल्क युरोपात जुन्या उस्तादांच्या नकला करून परतला, पुढे इराकमध्ये राहिला आणि त्यानं बगदादचा सोनार आणि तिथलेच भविष्य सांगणारे तैलरंगात उतरवले. विषय अस्सल पौर्वात्यवादी, कुंचला इराणी. सईदच्या चौकटीत हा गृहस्थ नेमका कुठे बसवायचा?

फ्लांदँची पानं जरूर पाहा. पण सानी-उल-मुल्कची शेजारी ठेवून पाहा. शंभर कमानींपेक्षा त्याची एक बैठक त्या काळच्या इराणी घराबद्दल जास्त सांगते.