तपासनीस यंत्रांचे मौन

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांतील सुरक्षेची छिद्रे, तो प्रोग्राम प्रत्यक्ष न चालवता केवळ त्याचा मजकूर वाचून हुडकून काढण्याची जी विद्या आज स्टॅटिक ॲनालिसिस या नावाने रूढ झाली आहे, तिच्याविषयी धंद्यातील माणसांची फिर्याद प्रारंभापासून एकच आहे, आणि ती म्हणजे हे यांत्रिक तपासनीस फार बोलतात. जेथे दोष नाही तेथे ते दोष दाखवतात, शंभर इशाऱ्यांखाली एक खरा इशारा गाडून टाकतात, आणि अखेर त्यांचा अहवाल दप्तरात पडून राहतो. ही फिर्याद खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि तिच्यामुळे या विद्येच्या याहून गंभीर वैगुण्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते. खोटा इशारा कितीही त्रासदायक असला तरी तो समोर असतो व त्याची शहानिशा करता येते. जे यंत्राने पाहिलेच नाही, आणि पाहिले नाही हे सांगितलेही नाही, त्याची शहानिशा कोणी व कशी करावी?

याचे मूळ प्रथम भाषेतच शोधावे लागते. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सी भाषा घडवली ती युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी, आणि ज्यांच्या मेमरीत एकेक बाइट मोलाचा होता अशा यंत्रांसाठी. सबब ॲरेची लांबी ॲरेबरोबर वाहून नेण्याची चैन तिने केली नाही. फंक्शनच्या हाती पडतो तो नुसता पत्ता. त्या पत्त्यापासून पुढे किती जागा आपल्या मालकीची आहे हे लिहिणाराच्या डोक्यात असते, क्वचित एखाद्या टिपणीत असते, संहितेत मात्र बहुधा नसतेच. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला वर्म ज्या वाटांनी यंत्रायंत्रांत शिरला, त्यांतील एक वाट फिंगर सेवेतील 512 बाइटांच्या बफरमधून जात होती. तो बफर भरणारे ‘गेट्स’ हे फंक्शन असे होते की बफर किती मोठा आहे हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती. त्याआधी दहा वर्षे, 1978 पासून, स्टीफन जॉन्सन यांचा लिंट हा तपासनीस उपलब्ध होता. पण प्रकारांची विसंगती, न वापरलेली चले आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना येणाऱ्या अडचणी एवढाच त्याचा अंमल होता, सुरक्षा हा विषय त्याच्याकडे कोणी सोपवलाच नव्हता. ‘गेट्स’ला भाषेच्या प्रमाणग्रंथातून हद्दपार करण्यास 2011 साल उजाडावे लागले.

सुरक्षेसाठी म्हणून निर्माण झालेली पहिली साधने, म्हणजे 2000 व 2001 च्या सुमारास आलेली आयटीएस4, रॅट्स आणि फ्लॉफाइंडर, यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. धोकादायक फंक्शनांची यादी घ्यायची आणि त्यांतील नाव संहितेत दिसले की हाक द्यायची, इतकीच त्यांची रीत. त्याच 2000 साली बर्कलेच्या डेव्हिड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र एक खरी बौद्धिक झेप घेतली. प्रत्येक स्ट्रिंग म्हणजे दोन संख्या, एक तिला दिलेल्या जागेची आणि दुसरी तिने व्यापलेल्या जागेची, असे मानून त्यांनी संपूर्ण प्रोग्रामाचे रूपांतर असमानतांच्या एका मोठ्या संचात केले, आणि व्यापलेली जागा दिलेल्या जागेपेक्षा मोठी होण्याचा संभव कोठे आहे हे सोडवून दाखवले. या पद्धतीत विधानांचा क्रम लक्षात घेतला जात नव्हता, आणि पॉइंटरांचे, म्हणजे वर सांगितलेल्या नुसत्या पत्त्यांचे, व्यवहारही बऱ्याच अंशी वगळलेले होते. म्हणजे ती पद्धत एकाच वेळी वाचाळही होती आणि मुकीही.

केवळ नावांची यादी पाहून का भागत नाही, हे 2002 साली ओपनएसएसएचमध्ये सापडलेल्या एका दोषावरून उत्तम समजते. दूरचे यंत्र आपण किती उत्तरे पाठवणार तो आकडा आधी कळवी. प्रोग्राम त्या आकड्याला एका पॉइंटरच्या आकाराने, म्हणजे 32 बिटांच्या यंत्रावर 4 ने, गुणी आणि तेवढी मेमरी मागून घेई. आता कोणी 1,07,37,41,825 हा आकडा पाठवला, तर गुणाकार 4,29,49,67,300 होतो. पण 32 बिटांत 4,29,49,67,295 च्या पुढची संख्या मावत नाही, ती पुन्हा शून्यापासून मोजली जाते, आणि हाती उरतात 4. मागितलेली जागा चार बाइटांची, आणि नंतरची पुनरावृत्ती शंभर कोटींहून अधिक उत्तरे लिहिण्याच्या तयारीची! या सर्व व्यवहारात यादीतले एकही बदनाम फंक्शन नाही. गुणाकाराचे चिन्ह आहे, आणि ते तर प्रत्येक प्रोग्रामात असते.

हेन्री राइस यांनी 1953 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचा इत्यर्थ असा, की प्रोग्राम चालताना काय करील यासंबंधीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे सर्व प्रोग्रामांबाबत सदैव अचूक उत्तर देणारी रीत असू शकत नाही. तेव्हा तपासनिसापुढे दोनच मार्ग राहतात: कधी खोटी हाक द्यायची, किंवा कधी गप्प बसायचे. पहिला मार्ग पत्करणाऱ्यांत पॅट्रिक व राधिया कुसो या फ्रेंच दांपत्याचे स्थान अग्रगण्य होय. त्यांनी 1977 मध्ये मांडलेल्या ॲबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनच्या सिद्धांतावर उभा राहिलेला ॲस्ट्रे हा तपासनीस 2003 साली एअरबस ए340 विमानाच्या मुख्य उड्डाणनियंत्रक प्रोग्रामावर चालवण्यात आला, तेव्हा 1,32,000 ओळींच्या त्या संहितेत ठरावीक जातींचे दोष नाहीत हे त्याने एकही खोटा इशारा न देता प्रस्थापित केले. हे यश असाधारण खरे, पण त्याची किंमतही पाहिली पाहिजे. त्या संहितेत चालता चालता मेमरी मागण्याचा प्रकार नव्हता, रिकर्शन नव्हते, आणि तपासनीस त्या एका घराण्याच्या प्रोग्रामांच्या अंगावर बेतून शिवलेला होता. इंटरनेटवरच्या सर्व्हरची संहिता एवढी सोज्ज्वळ कधीच नसते.

दुसऱ्या मार्गाचे प्रवर्तक स्टॅनफर्डचे डॉसन एंगलर. 2001 मध्ये त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडलेली कल्पना मला आजही या क्षेत्रातील सर्वांत चतुर कल्पनांपैकी एक वाटते. प्रोग्रामचे नियम काय आहेत हे कोणी लिहून ठेवत नाही ना, मग लिहिणाराच्या कृतीवरून त्याच्या समजुती ओळखाव्यात, आणि दोन समजुती परस्परांशी भांडताना दिसल्या की तेथे दोष आहे असे समजावे. एका ओळीत पॉइंटर वापरला, म्हणजे तो शून्य नाही अशी समजूत. पुढच्याच ओळीत तो शून्य आहे काय हे तपासले, म्हणजे तो शून्य असू शकतो अशी समजूत. दोन्ही खऱ्या असणे शक्य नाही. 2009 मध्ये लिनक्स कर्नलच्या ‘टन’ ड्रायव्हरमध्ये नेमकी हीच जोडी सापडली, आणि तेथे जीसीसी कंपायलरने जे केले ते या लेखाच्या विषयाचा अर्कच म्हणावा लागेल. पॉइंटर आधीच वापरला आहे, तेव्हा तो शून्य नसणारच, असा तर्क करून कंपायलरने पुढची तपासणी निरुपयोगी म्हणून काढून टाकली, आणि त्यामुळे कर्नलचा ताबा घेणे शक्य झाले. म्हणजे यंत्राने ती विसंगती वाचली होती, तिच्यातून निष्कर्षही काढला होता. फक्त ज्याने ती लिहिली त्याला कळवण्याची जबाबदारी यंत्रावर कोणी टाकलेली नव्हती.

एंगलर यांच्या प्रयोगशाळेतून कव्हेरिटी ही कंपनी निघाली, आणि 2010 मध्ये तिच्या संस्थापकांनी आपल्या अनुभवांचा जो प्रांजळ वृत्तांत प्रसिद्ध केला, तो या विद्येच्या अभ्यासकाने वाचलाच पाहिजे. खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण 30 टक्क्यांवर गेले की ग्राहक खरे इशारेही फेकून देतो, सबब आम्ही ते 20 टक्क्यांखाली ठेवू पाहतो, असे त्यांनी नमूद केले आहे. इतकेच नव्हे, तर ज्या सूक्ष्म विश्लेषणाचा निष्कर्ष ग्राहकाला समजावून सांगता येत नाही, त्यापेक्षा ढोबळ पण समजण्याजोगे विश्लेषण बरे, अशी भूमिका त्यांनी घेतली. व्यापाराच्या दृष्टीने हे शहाणपणच होय. पण त्याचा अर्थ असा की तपासनिसाचे मौन हे काही अंशी ग्राहकाच्या सहनशीलतेवरून मुकरर होते, आणि अहवालात ते कोठेही लिहिलेले नसते.

त्या मौनाचे मोल एप्रिल 2014 मध्ये जगाला कळले. ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष मार्च 2012 च्या आवृत्तीपासून तेथे होता, आणि ती संहिता कोणाच्याही वाचनास खुली होती. दोषाचे स्वरूप अगदी साधे. समोरच्या यंत्राने पाठवलेल्या संदेशात एक बाइट प्रकाराचा, दोन बाइट लांबीचे आणि त्यापुढे मजकूर. प्रोग्राम ती लांबी वाचतो आणि ‘मेमकॉपी’ने तेवढा मजकूर उचलून परत पाठवतो. आलेला मजकूर प्रत्यक्षात तेवढा आहे काय, हे कोणीच पाहत नाही. मजकूर एका अक्षराचा आणि लांबी 65,535 सांगितली, तर शेजारच्या मेमरीतील जवळजवळ 64 किलोबाइट, मग त्यात परवलीचे शब्द असोत की खाजगी किल्ल्या, उत्तराबरोबर बाहेर पडतात. दुरुस्ती झाली ती लांबी ताडून पाहणाऱ्या एका साध्या तुलनेने. मग नामांकित तपासनीस येथे मुके का राहिले? कारण ती लांबी परक्याकडून आली आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. जाळ्यावरून वाचलेला मजकूर फंक्शन पॉइंटरांच्या आणि एकात एक गुंतलेल्या स्ट्रक्चरांच्या वाटेने इतका दूर येतो, की तेथवर त्याच्या मुळाचा माग ठेवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. दोष उघड झाल्यावर काही दिवसांतच कव्हेरिटीच्या अँडी चाऊ यांनी एक नामी युक्ती काढली: दोन बाइटांची अदलाबदल करून संख्या बनवणारी संहिता दिसली, तर ती संख्या जाळ्यावरूनच आली असली पाहिजे, कारण घरच्या संख्येवर असा संस्कार कोणी करीत नाही; म्हणून तिला संशयित ठरवावे. युक्ती कौतुकास्पद आहे. पण ती दोष सापडल्यानंतर सुचली, हेही तितकेच खरे.

अशा मौनाचे मोजमाप करण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ठेवलेल्या ज्युलिएट नावाच्या संचात सी व सी++ मधील 64,000 हून अधिक नमुने आहेत. पण ते परीक्षेसाठी मुद्दाम रचलेले, आटोपशीर नमुने होत, आणि त्यांत मिळवलेल्या गुणांवरून रानातल्या संहितेबाबत काही म्हणणे धाडसाचे ठरेल. म्हणून 2022 मध्ये स्टेफान लिप व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी 27 खऱ्या मुक्त प्रोग्रामांतील 192 खरे, नोंदलेले दोष घेतले आणि त्यांवर निरनिराळे तपासनीस सोडले. एकेकट्या तपासनिसाच्या हातून 47 ते 80 टक्के दोष निसटले, आणि अनेकांना एकत्र आणले तरी 30 ते 69 टक्के निसटतच राहिले. ज्या हिशेबतपासनिसाने निम्म्या वह्या उघडल्याच नाहीत तो निदान तसा शेरा मारतो. आपल्या यंत्रांच्या अहवालाखाली मात्र ‘इशारे: शून्य’ एवढेच असते, आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘दोष: शून्य’ असा लावतो.

पॉइंटरांचा माग ठेवणे हा या सर्व प्रकरणातील कळीचा मुद्दा असल्यामुळे, त्यावर महाराष्ट्रात झालेल्या कामाचा उल्लेख येथे केला पाहिजे. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी डेटा फ्लो ॲनालिसिसचा जो दीर्घ व्यासंग केला, त्यातून 2012 च्या सुमारास एक मार्मिक विचार पुढे आला: प्रत्येक पॉइंटर कोठे कोठे निर्देश करू शकतो याची पूर्ण यादी ठेवण्याचा खटाटोप न करता, जो पॉइंटर पुढे खरोखर वापरला जाणार आहे तेवढ्याचाच माग ठेवावा, म्हणजे यादी आटोक्यात राहते आणि अचूकताही गमवावी लागत नाही. पुण्यातील टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये सी संहितेसाठी घडवलेली साधनेही याच परंपरेतली. त्यांची चर्चा आपल्याकडे व्हावी तेवढी झालेली नाही.

इशारा कोणाला व केव्हा मिळतो, हा प्रश्नही विद्वानांनी बराच काळ गौण मानला. फेसबुकमध्ये इन्फर हा तपासनीस प्रथम रात्रभर चालवून सकाळी दोषांची यादी प्रोग्रामरांकडे पाठवत असत, आणि त्या यादीतील जवळजवळ काहीच दुरुस्त होत नसे. तेच विश्लेषण बदल मंजुरीसाठी रुजू होण्याच्या क्षणी दाखवू लागताच दुरुस्तीचे प्रमाण 70 टक्क्यांवर गेले. विश्लेषण तेच, खोट्या इशाऱ्यांचे प्रमाणही तेच. वाचाळपणाविषयीची जुनी फिर्याद अंशतः अवेळी बोलण्याविषयीची होती, हे यावरून दिसते. कोडक्यूएलसारख्या साधनांत तर प्रश्नच माणसाने लिहावयाचा असतो, आणि मला त्यातील सर्वांत मोठा गुण हा वाटतो की काय विचारले ते कागदावर असल्यामुळे काय विचारले नाही हेही वाचता येते.

गेल्या दोन-तीन वर्षांत भाषिक मॉडेले या व्यवसायात शिरली आहेत, आणि त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. मे 2025 मध्ये शॉन हीलन यांनी ओपनएआयच्या ओ3 या मॉडेलला लिनक्स कर्नलमधील केएसएमबीडी या भागाची संहिता वाचावयास दिली. एक ठाऊक असलेला दोष त्याने 100 फेऱ्यांपैकी 8 फेऱ्यांत ओळखला; संहिता आणखी मोठी दिली तेव्हा 100 पैकी एकाच फेरीत, पण त्याच वाचनात त्याला पूर्वी कोणासही ठाऊक नसलेला एक नवा दोष सापडला. असा वाचक मोलाचा खरा. परंतु तोच मजकूर, तोच प्रश्न आणि 92 वेळा चुकलेले उत्तर, अशा वाचकाच्या मौनातून काय समजावे? जुन्या तपासनिसाचे मौन निदान प्रत्येक वेळी सारखे असे.

या पार्श्वभूमीवर माझे लक्ष एका फार कमी गाजावाजा झालेल्या गोष्टीकडे जाते. लिहिणाराने आपला हेतू संहितेतच नोंदवावा, हा विचार जुनाच आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या संहितेत तशा खुणा घातल्या, आणि लिनस टोरवाल्ड्स यांच्या स्पार्स या साधनाने कर्नलमध्ये परक्या पत्त्यांना वेगळे बिल्ले लावले. आता क्लँग या कंपायलरमध्ये, आणि 2025 साली आलेल्या जीसीसीच्या 15 व्या आवृत्तीत, स्ट्रक्चरच्या शेवटी येणाऱ्या लवचीक ॲरेला ‘काउंटेड बाय’ ही खूण लावून त्याची लांबी त्याच स्ट्रक्चरमधील कोणत्या सदस्यात आहे हे सांगता येते. भाषा जन्मल्यानंतर अर्धशतकाने आलेली ही सवलत साध्या पॉइंटरांच्या अफाट प्रदेशाला अजून पुरती लागू झालेली नाही, आणि जुन्या संहितेत ती हाताने भरत बसणे हे कंटाळवाणे काम आहे, जे लिनक्स कर्नलमध्ये एकेका स्ट्रक्चरगणिक सध्या चालू आहे. ज्या स्ट्रक्चरला खूण नाही तेथे तपासनीस पूर्वीप्रमाणेच गप्प राहतो. मात्र अशी स्ट्रक्चरे किती उरली, हे आता कोणालाही मोजून पाहता येते.