लोहग्रहणाची परिभाषा : एक चिकित्सा

रोगजंतू यजमानाच्या शरीरातून लोह कसे मिळवितात, या प्रश्नाचा अभ्यास गेल्या शतकभरात जीवाणुशास्त्राची एक उपशाखा म्हणावी इतका विस्तारला आहे. त्या अभ्यासाच्या निष्कर्षांची परीक्षा प्रयोगशाळेतच व्हावयाची. परंतु ज्या शब्दांत ते निष्कर्ष मांडले जातात, त्यांची परीक्षा भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येते. ती करू जाता असे आढळते की, या शास्त्रातील कित्येक प्रमुख संज्ञांमध्ये एक समान दोष आहे : जे वस्तुतः दोन पक्षांमधील नाते आहे, ते या संज्ञा एकाच पक्षाचा गुण म्हणून सांगतात. हा दोष केवळ शाब्दिक नाही. त्याचे परिणाम प्रसंगी प्राणांपर्यंत पोहोचू शकतात.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. पृथ्वीच्या कवचात लोह विपुल आहे. मूलद्रव्यांत त्याचा क्रम चौथा लागतो. तथापि प्राणवायूच्या सान्निध्यात ते पाण्यात जवळजवळ न विरघळणारे रूप धारण करते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. पण त्यातील बराचसा भाग हिमोग्लोबिनात गुंतलेला, काही फेरिटिनात साठविलेला आणि रक्तद्रवातील अल्प अंश ट्रान्सफेरिन या प्रथिनाने धरून ठेवलेला असतो. मोकळे लोह नगण्य असते. बहुतेक जीवाणूंना तर लोहावाचून वाढता येत नाही. म्हणून त्यांपैकी अनेक जाती लोहाला घट्ट धरणारे लहान रेणू बाहेर सोडतात आणि लोहासह ते पुन्हा आत घेतात. या रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. आंत्रातील जीवाणूंच्या एन्टेरोबॅक्टिन या सिडेरोफोरचा लोहबंधाचा स्थिरांक १० च्या ४९ व्या घाताच्या आसपास आहे. इतकी पकड ट्रान्सफेरिनलाही साधत नाही.

या रेणूंच्या नामकरणाचा इतिहास उद्बोधक आहे. १९११-१२ च्या सुमारास ट्वॉर्ट आणि इन्ग्रॅम यांना असे आढळले की, गुरांच्या एका रोगाचा जंतू एकटा वाढत नाही. पण त्याच्या सगोत्र जंतूंचा अर्क दिल्यास वाढतो. त्या अर्कातील द्रव्य १९४९ मध्ये वेगळे काढण्यात आले. त्याला मायकोबॅक्टिन हे नाव मिळाले, परंतु त्याची गणना 'वृद्धिघटक' या वर्गात होत राहिली. १९५२ मध्ये नीलँड्स यांनी एका काणी-बुरशीतून मिळविलेल्या द्रव्याला फेरिक्रोम म्हटले. पुढे अशा द्रव्यांच्या वर्गाला 'सिडेरोक्रोम', म्हणजे लोहवर्ण, ही संज्ञा रूढ झाली. येथे नाव रंगावरून पडले. १९७३ मध्ये लँकफर्ड यांनी सुचविलेल्या 'सिडेरोफोर' या नावाचा अर्थ लोहवाहक असा होतो. येथे ते कार्यावरून आले. वाढ, रंग, कार्य अशा क्रमाने दृष्टी पालटत गेली. १९७० मध्ये तर एकच द्रव्य दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधले. एकीने त्याला एन्टेरोबॅक्टिन म्हटले, तर दुसरीने एन्टेरोकेलिन. पहिल्या नावात फक्त आंत्र आणि जीवाणू आहेत. दुसऱ्यात खेकड्याच्या नांगीचा ग्रीक शब्द दडलेला आहे. द्रव्य काय करते हे दुसरे नाव सांगत होते, पण प्रचारात मुख्यतः पहिलेच राहिले.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, यजमानाची प्रथिने लॅटिन नावे धारण करतात आणि जंतूंचे रेणू ग्रीक. ट्रान्सफेरिन, लॅक्टोफेरिन, फेरिटिन एका बाजूस. सिडेरोफोर दुसऱ्या बाजूस. अर्थ पाहिला तर ट्रान्सफेरिन म्हणजेही लोह वाहून नेणाराच. ही विभागणी कोणी योजून केलेली नव्हती. ट्रान्सफेरिनलाच काही काळ 'सिडेरोफिलिन' हे ग्रीक नाव होते. परंतु ती एकदा स्थिर झाल्यावर एकच क्रिया करणारे दोन पदार्थ दोन भिन्न कोटींतील वाटू लागले : एक सेवक, दुसरा चोर.

या चोराची प्रतिमा पुढे संशोधनपर लेखांच्या मथळ्यांतच येऊन बसली. वाइनबर्ग यांच्या १९७५ मधील लेखाच्या मथळ्यात सूक्ष्मजंतू 'आक्रमक' आहेत आणि यजमान लोह रोखू पाहणारा आहे. बार्बर आणि एल्डी यांच्या २०१४ मधील लेखाच्या मथळ्यात 'चाचेगिरी' आहे. मराठी वाचकाला या शब्दाविषयी सावध राहण्यास वेगळे कारण आहे. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते, आणि इंग्रजांच्या कागदांत तेच चाचे ठरले. हे नाव कृत्याइतकेच बोलणाऱ्याची बाजूही सांगते. प्रस्तुत क्षेत्रातही तेच घडते. ग्रिफिन, वेस्ट आणि बकलिंग यांनी २००४ मध्ये स्यूडोमोनास जंतूंवरील प्रयोगांत सिडेरोफोरकडे जंतूंमधील सहकार्य म्हणून पाहिले. या परंपरेतील लेखनात तोच रेणू 'सार्वजनिक हिताची वस्तू' ठरतो. चोराचे हत्यार आणि गावाचा पाणवठा ही एकाच रेणूची दोन वर्णने असतील, तर दोहोंपैकी एकालाही त्या रेणूचा स्वभाव म्हणता येणार नाही. शिवाय फेरिक्रोम ज्या बुरशीतून मिळाले, तिचा मनुष्याच्या रक्ताशी काहीच संबंध नव्हता. लोह मिळविण्याची ही युक्ती रोगासाठी जन्मलेली नाही.

रूपकांनी केवळ दिशाभूल केली असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक स्वतः लोहाला चिकटते आणि जंतूच्या लोहमार्गानेच आत शिरते. 'ट्रोजन घोड्या'च्या रूपकाने या योजनेचा गाभा नेमका पकडला, याचे कारण त्या कथेतच दोन पक्ष आहेत : घोडा आणणारे आणि दार उघडणारे. जे रूपक नात्याचे असते ते उपयोगी पडते. जे एका पक्षावर शिक्का मारते ते फसविते.

अशा शिक्क्याचे सर्वांत गंभीर उदाहरण 'क्षीणीकृत' या विशेषणाचे आहे. २००९ मध्ये शिकागो येथे प्लेगच्या जंतूच्या एका क्षीणीकृत वाणावर काम करणाऱ्या साठ वर्षांच्या संशोधकाचा त्याच जंतूच्या संसर्गाने मृत्यू झाला. लोह मिळविण्याची महत्त्वाची साधने गमावल्यामुळे तो वाण दुबळा मानला जात असे. शवविच्छेदनानंतर असे उघड झाले की, त्या संशोधकाला आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह अतिरिक्त साठण्याचा विकार, होता. जंतूची उणीव यजमानाच्या विपुलतेने भरून निघाली असावी, असा तर्क तज्ज्ञांनी मांडला. 'क्षीण' हे विशेषण व्याकरणदृष्ट्या केवळ जंतूचे होते. त्याचा खरा अर्थ मात्र 'ज्याच्या शरीरात लोह जखडलेले आहे अशा यजमानापुढे क्षीण' असा होता. वाक्यातून गळालेले पदच येथे निर्णायक ठरले.

मराठीत हे शास्त्र आणताना हा धोका दुणावतो. लोह रोखण्याच्या यजमानाच्या क्रियेला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचे शब्दशः भाषांतर 'पोषण-प्रतिकारशक्ती' असे होईल. मराठी वाचक त्याचा अर्थ 'सकस आहाराने येणारी प्रतिकारशक्ती' असाच करील, म्हणजे मूळ अर्थाच्या थेट उलट. मूळ कल्पना जंतूच्या पोषणात अडथळा आणण्याची आहे. शेड आणि कॅरोलाइन यांनी १९४४ मध्ये अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकाने जंतूंची वाढ थांबते आणि लोह घालताच ती पुन्हा सुरू होते हे दाखविले, तेव्हा याच कल्पनेचा पाया घातला गेला. म्हणून 'पोषकरोध' हा शब्द अधिक यथार्थ ठरेल. जस्त आणि मँगनीज यांनाही तो लागू पडतो. त्याचप्रमाणे संसर्गकाळी रक्तातील लोह घटते ते बहुधा साठ्याच्या पेशींत अडवून ठेवल्यामुळे. त्या स्थितीला सरसकट 'लोहाची कमतरता' म्हटल्यास जे अडविलेले आहे ते नाहीसे झाल्याचा भास होतो. उलट, खऱ्या पांडुरोग्याला लोह नाकारण्याचा आधारही 'पोषकरोध' या शब्दातून कोणी काढू नये.

सिडेरोफोरला 'लोहवाहक' म्हणण्याऐवजी 'लोहग्राही' म्हणावे आणि 'लोहवाहक' ही संज्ञा ट्रान्सफेरिनकडे ठेवावी, म्हणजे नावांची गल्लत टळेल. परंतु संज्ञा बदलून काम संपत नाही. गोनोरियाचा जंतू सिडेरोफोर न बनविता मानवाच्याच ट्रान्सफेरिनकडून थेट लोह घेतो. इतर बहुतेक प्राण्यांच्या ट्रान्सफेरिनचा त्याला उपयोग नाही. लाइम रोगाचा जंतू तर लोहावाचून, मँगनीजवर भागवितो, हे २००० मध्ये दिसून आले. 'जंतूला लोह हवे' हे वाक्य यामुळे अपुरे ठरते. कोणत्या जंतूला, कोणत्या यजमानात, कोणाकडून, ही पदे ज्या वाक्यात असतील तेच या शास्त्राचे पूर्ण वाक्य होय. आणि पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने ती पदे गाळण्याची सवलत स्वतःस देऊ नये.