‘आमिर’: आवाज फोनवरचा, नजर आपली

(शेवट उघड केला आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

लंडनहून आलेला एक डॉक्टर मुंबई विमानतळाबाहेर पडतो. मोटारसायकलवरून कुणीतरी त्याच्याकडे मोबाइल फेकतं. पलीकडचा आवाज सांगतो, घरचे आमच्या ताब्यात आहेत, सांगू तसं करायचं. राजकुमार गुप्तांच्या ‘आमिर’ची (२००८) गोष्ट एवढीच.

असा चित्रपट कमी पैशांत होतो, पण त्याला धीर लागतो. इथे आहे काय? राजीव खंडेलवालचा घामेजलेला चेहरा, गजराज रावचा थंड आवाज, अमित त्रिवेदीचं संगीत आणि डोंगरी-भेंडी बाजाराकडच्या गल्ल्या. २००५चा ‘कवीते’ हा फिलिपाइन्समध्ये घडणारा, याहून कितीतरी स्वस्तातला चित्रपट बराचसा असाच आहे. ‘फोन ठेवून पोलिसांकडे का जात नाही?’ असं तेव्हा वाटायचं. आता शिकलेली माणसं ‘डिजिटल अरेस्ट’च्या भीतीने तासन्‌तास फोनसमोर बसून राहतात, तेव्हा उत्तर मिळतं. घरच्यांचं नाव घेतलं की माणूस हलत नाही.

पण रत्नागिरीत बसून पाहताना एक गोष्ट खुपते. खेड, दापोली, चिपळूणकडच्या कितीतरी मुस्लिम घरांचं कुणी ना कुणी डोंगरीत राहतं. सुट्टीला जायचं ते तिथेच. ‘आमिर’मध्ये मात्र त्या गल्लीतला जवळजवळ प्रत्येकजण टोळीचा माणूस वाटतो. चहा पिणारा बघतो, खिडकीतला बघतो, कानाला फोन लावलेला तर बघतोच. कॅमेरा मटणाच्या दुकानावर आणि घाणीवर असा रेंगाळतो, जणू तोही पुरावाच.

आमिरचं दुखणं नेमकं हेच आहे. विमानतळावर नाव वाचून त्याची बॅग पुन्हा पुन्हा तपासली जाते. शेवटी बसमधली माणसं वाचावीत म्हणून तो बॉम्ब छातीशी धरून मरतो आणि बातम्यांत अतिरेकी ठरतो. नावावरून माणूस ओळखू नका, असं सांगणारा चित्रपट वस्तीवरून माणसं ओळखतो.

तरीही पाहाच. दुसऱ्यांदा पाहताना आमिरवरची नजर काढा आणि मागची गर्दी बघा. त्यातला कोण खरंच टोळीचा होता आणि कोणाला आपणच ठरवून टाकलं, हे मोजा. मी मोजलं. आकडा लाज वाटण्याजोगा होता.