मुंबईची गोदी : वंशावळ आणि कारागिरी

मुंबईच्या जहाजबांधणीवर लिहू पाहणाऱ्या कोणाही अभ्यासकाला रतनजी अर्देशर वाडिया यांच्या ‘द बॉम्बे डॉकयार्ड अँड द वाडिया मास्टर बिल्डर्स’ (१९५५) या ग्रंथापाशी प्रथम थांबावे लागते. कंपनी सरकारच्या दप्तरांतून वेचलेली इतकी सामग्री एका विषयाभोवती क्वचितच गोळा झाली असेल. ग्रंथाचे हे ऋण मान्य करूनच पुढील विवेचन केले आहे. आक्षेप आहे तो ग्रंथाच्या घाटाविषयी, आणि तो घाट केवळ याच ग्रंथाचा नाही. गोदीविषयी आपल्याकडे जे काही लिहिले गेले त्या बहुतेकांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे.

ग्रंथाच्या नावातच दोन विषय आहेत : एक गोदी, आणि दुसरा ती चालविणारे घराणे. प्रत्यक्षात दुसऱ्याने पहिल्याला गिळून टाकले आहे. लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्यामागून माणेकजी आणि बमनजी. नंतर फ्रामजी माणेकजी व जमशेदजी बमनजी. नंतर नवरोजी जमशेदजी. अशा पिढ्यांच्या पायऱ्यांनी सुमारे दीडशे वर्षांची हकिगत उतरत जाते. पिढी बदलली की प्रकरण बदलते. गोदीत मात्र बदल पिढीच्या हिशेबाने होत नव्हते. पहिली सुकी गोदी १७५० साली तयार झाली आणि डंकन गोदी १८०७ ते १८१० या काळात. साग मलबारातून येईनासा झाला की काम थांबे, युद्ध सुरू झाले की दुरुस्तीची गर्दी होई, आणि नकाशे विलायतेहून येऊ लागले तेव्हा कामाची रीतच पालटली. या घटनांचा क्रम एक आहे आणि वंशावळीचा क्रम दुसरा. दोहोंना एकत्र बांधल्यामुळे कार्यकारणभाव नेहमी रक्तसंबंधाकडे झुकतो. मुलगा चांगला कारागीर का झाला, तर बाप चांगला कारागीर होता म्हणून. यापलीकडे स्पष्टीकरण जात नाही.

‘वाडिया’ हे आडनाव मुळात धंद्याचे नाव आहे. गुजरातीत जहाजे बांधणारा तो वाडिया. एका धंद्याचे सामान्यनाम एका कुळाचे विशेषनाम झाले, आणि पुढे इतिहासकारांनी त्या विशेषनामालाच धंदा समजून घेतले. भाषेने केलेली ही उचल लक्षात ठेवली तर पुढील अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

लवजींच्या आगमनाचीच कथा घ्या. कंपनीच्या डडली नावाच्या अधिकाऱ्याने सुरतेच्या गोदीतील एका मुकादमाचे कसब हेरले व त्याला मुंबईस येण्यास राजी केले, अशी ती कथा आहे. त्याच्यासमवेत दहा सुतार आले, असेही तीत सांगितलेले असते. या दहा जणांना कथेत एका आकड्यापलीकडे स्थान नाही. एकटा लवजी मुंबईस आला असता तर त्याच्या ज्ञानाचा उपयोग किती झाला असता, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जहाज हे एका हाताचे काम नव्हे. मुंबईत १७३६ साली जे आले ते एका माणसाचे चातुर्य नसून अकरा माणसांची, एकमेकांच्या हाताची सवय असलेली, टोळी होती. आणि त्या टोळीमागे सुरतेच्या गोदीची कित्येक पिढ्यांची रीत उभी होती.

ती रीत कोणती, हे सुदैवाने एका परकीयाने लिहून ठेवले आहे. स्टावोरिनस हा डच नाविक अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरतेस आला होता. तेथील सुतार फळ्यांच्या कडा नुसत्या सपाट घासून एकमेकींना भिडवीत नाहीत, तर खाच पाडून एक कड दुसरीत बसवितात, हे पाहून तो थबकला. बसविलेल्या फळीच्या कडेला शेंदूर माखायचा, वरची फळी तिच्यावर ठेवून दाबायची, आणि उचलून पाहायचे. शेंदूर जेथे लागला तेथे उंचवटा आहे असे समजून तेवढाच भाग तासायचा. पुन्हा ठेवायची, पुन्हा उचलायची. सर्व कडेला कडा मिळेपर्यंत हे चालू राही. मग दोन्ही कडांना कालांतराने लोखंडासारखा घट्ट होणारा एक चिकट लेप, त्यावर कापसाचा पातळ थर, आणि शेवटी खुंट्या ठोकून सांधा इतका आवळायचा की फट डोळ्यांना दिसू नये.

या वर्णनाकडे आपल्या इतिहासकारांनी हिंदी कारागिरीच्या श्रेष्ठतेचा पुरावा म्हणून पाहिले आहे. तो पुरावा आहेच. परंतु हेच वर्णन श्रमाच्या दृष्टीने वाचले तर निराळीच माहिती हाती लागते. प्रत्येक फळी अनेकदा चढवायची व उतरवायची म्हणजे एका फळीमागे चार-सहा माणसे सतत हवीत. सागाची लांब फळी हलकी नसते. तासणाऱ्याची नजर तयार व्हायला वर्षे लागतात, आणि शेंदराचा डाग ओळखणारा व तो उडविणारा हात एकाच माणसाचा असावा लागतो. म्हणजे या पद्धतीला एक कुशल सुतार आणि त्याच्याभोवती उचलणारे, धरणारे, करवतणारे, शिकणारे अशा माणसांचे कडे आवश्यक होते. अशी पद्धत मजुरी स्वस्त असेल तेथेच टिकते. विलायतेत ती का रुजली नाही याचे उत्तर तेथील सुतारांच्या अज्ञानात शोधण्याचे कारण नाही. ते बहुधा तेथील मजुरीच्या दरात सापडेल. ज्या सांध्याची आपण स्तुती करतो त्यात कौशल्य आणि स्वस्त देह दोन्ही बसलेले आहेत. एकाचा अभिमान बाळगताना दुसऱ्याचा हिशेब सोडून देणे इतिहासाला शोभत नाही.

मास्टर बिल्डरच्या पदाचेही असेच आहे. तो कंपनीचा पगारी नोकर होता. त्याच वेळी खासगी व्यापाऱ्यांची जहाजेही त्याच गोदीत त्याच्या देखरेखीखाली बांधली जात. सुतारांची भरती, त्यांची वाटणी, लाकडाची पसंती ही त्याच्या हातात होती. घराण्याच्या इतर शाखा व्यापारात शिरल्या. पेस्तनजी बमनजी व होर्मसजी बमनजी हे इंग्रज पेढ्यांचे दलाल म्हणून गाजले, नसरवानजी माणेकजी अमेरिकन जहाजांची कामे पाहत. लवजी १७७४ साली वारले तेव्हा मागे एक घर आणि अगदी किरकोळ रक्कम होती, असे इंग्रज लेखक कौतुकाने सांगतात. निर्लोभी कारागिराची ही मूर्ती नीतिकथेला छान आहे. परंतु दोन पिढ्यांत तेच कुटुंब शहरातील धनिकांत गणले जाऊ लागले, हे त्या मूर्तीच्या शेजारी ठेवले पाहिजे. गोदी ही केवळ कसबाची शाळा नव्हती, पत आणि संधी यांचे ते एक केंद्र होते. अमलेंदु गुहा यांनी पारशी शेठांवरील आपल्या लेखनात (१९७०) व्यापार, दलाली आणि जहाजबांधणी यांचा जो एकत्र विचार केला, तो दृष्टिकोन गोदीच्या इतिहासात आजवर पुरेसा मुरलेला नाही.

दंतकथांविषयी थोडे सांगणे भाग आहे. ‘मिंडेन’ हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज १८१० साली मुंबईत पाण्यात उतरले. अमेरिकेचे राष्ट्रगीत १८१४ साली त्याच जहाजावर लिहिले गेले, असे मुंबईत अजून अभिमानाने सांगितले जाते. फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री कैद्याच्या सुटकेची बोलणी करण्यासाठी गेलेल्या एका अमेरिकन नौकेवर होता; मिंडेनशी ही गोष्ट जोडण्यास आधार नाही. या उसन्या मोठेपणाची गरजही नाही. १८१३ साली मुंबईत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली नानकिंगचा तह झाला, १८२४ च्या ‘एशिया’ने १८२७ साली नॅव्हरिनोच्या लढाईत सेनापतीचे जहाज म्हणून काम केले, आणि १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. (नानकिंगच्या तहाने चीनवर काय लादले हे आठवले म्हणजे पहिल्या गोष्टीचा अभिमान कितपत धरावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

ट्रिंकोमालीची हकिगत तंत्राच्या दृष्टीने फार बोलकी आहे. तिचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकनांनी जावाचा पाडाव केला व नकाशे गेले. दुसरे नकाशे येईपर्यंत काम सुरू होऊ शकले नाही. कण्याचे लाकूड बसले ते १८१६ साली. ज्या गोदीने कागदाशिवाय शेकडो गलबते बांधली, ती आता कागदाच्या प्रतीक्षेत बसू लागली होती. आरमारी खात्याला एकाच नमुन्याची अनेक जहाजे हवी होती. तेथे मास्टर बिल्डरच्या नजरेला जागा उरली ती नकाशाचे लाकडात रूपांतर करण्यापुरती. कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा समारंभ मात्र चालूच राहिला. घराण्याच्या इतिहासात हा समारंभ ठळक दिसतो. नकाशाने घडविलेला बदल त्यामानाने अंधुक राहतो.

आता ऱ्हासाच्या कारणांकडे वळू. राधाकुमुद मुकर्जी यांच्या ‘इंडियन शिपिंग’ (१९१२) पासून एक मीमांसा रूढ झाली आहे : विलायतेतील जहाजवाल्यांच्या मत्सरामुळे पार्लमेंटने कायदे केले आणि हिंदी जहाजबांधणी बुडाली. मत्सर खरा होता. १८१४ साली हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांच्या प्रश्नावर पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षी झाल्या, आणि त्या सुमाराच्या व १८२३ च्या कायद्यांनी हिंदी खलाशांना ब्रिटिश खलाशी मानण्याचे नाकारले. परंतु कालक्रम नीट लावला तर ही मीमांसा अपुरी ठरते. कायद्यांची झळ व्यापारी जहाजांना लागली. आरमारासाठीचे काम पुढेही चालले : ‘गँजीस’ १८२१, ‘एशिया’ १८२४, ‘बॉम्बे’ १८२८, ‘कलकत्ता’ १८३१, आणि ‘मियानी’ तर १८४८. मुंबईच्या गोदीचा कस संपवला तो वाफेने आणि लोखंडाने. कायद्याने आधीच तिचा खासगी पाया खिळखिळा केल्यामुळे हा दुसरा आघात तिला सोसला नाही, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

अर्देशर कर्सेटजी यांचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. त्यांनी १८३३ साली ‘इंडस’ ही छोटी आगबोट बांधली, विलायतेचा प्रवास करून यंत्रविद्या शिकून घेतली, आणि १८४१ साली ते रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सदस्य झाले. मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे ते मुख्य यंत्रज्ञ होते. युरोपीय कारागीर त्यांच्या हाताखाली होते. त्यांचे आप्त जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी चॅटमच्या गोदीत शिकून आले व १८४१ साली त्यांनी आपल्या वास्तव्याचे वृत्त प्रसिद्ध केले. घराण्याला काळाची चाहूल लागली नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण शेंदराचा डाग वाचणाऱ्या सुतारासाठी चॅटमचा मार्ग खुला नव्हता. वरच्या थराने नवे तंत्र आत्मसात केले आणि खालचा थर जुन्या तंत्रासकट निरुपयोगी झाला. वंशावळीच्या इतिहासात ही घटना यशोगाथा म्हणून येते, कारण तिचा नायक यशस्वी आहे.

लाकडाचा प्रश्न मराठी अभ्यासकाला अधिक जवळचा वाटावा. १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांस मलबारच्या जंगलांचा अधिकारी नेमून कंपनीने सागावर मक्ता बसविला. खासगी मालकांची झाडेही त्यातून सुटली नाहीत. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ साली मन्रोच्या कारकिर्दीत हा कारभार मोडावा लागला. याच्या शेजारी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण ठेवून पाहावे. साधारण शंभर वर्षे आधीचा हा ग्रंथ. आरमारास लाकूड हवे, साग-शिसव रानातून परवानगीने न्यावे. आंबे-फणस कामाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. हे राजनीतीचे वचन आहे. प्रत्यक्ष व्यवहार तसाच होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही जहाजाचा विचार झाडापासून आणि झाडाच्या धन्यापासून सुरू करणारी ही दृष्टी वाडियांच्या ग्रंथात नाही, मुकर्जींच्याही नाही. मलबारचे सागवान त्या ग्रंथांत किनाऱ्यावर आपसूक येऊन पडते.

विसाव्या शतकावरील लेखनातही घाट बदलत नाही. विशाखापट्टणच्या गोदीचा पाया २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते घातला गेला, ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली, आणि १९५२ साली हिंदुस्थान शिपयार्ड ही कंपनी निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे कर्तृत्व या क्रमात निर्विवाद आहे. पण मराठी वाचकाला ही हकिगत मुख्यतः वालचंदांच्या चरित्राच्या अंगाने ठाऊक आहे. लोखंडी पत्रे जोडणारी माणसे कोठून आली, कोणाकडून शिकली, हा प्रश्न चरित्राच्या कक्षेत बसत नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही. चरित्रालाच गोदीचा इतिहास समजणाऱ्या वाचकाला मात्र द्यावा लागेल.

कामगारांविषयी साधने नाहीत, असे उत्तर यावर ठरलेले असते. कंपनीचे दप्तर मास्टर बिल्डरपाशी थांबते हे खरे. परंतु पेशवे दप्तरात विजयदुर्गच्या आरमारी सुभ्याचे मोडी कागद आहेत, आणि खर्चाच्या याद्यांतून सुतार, लोहार, खिळे, राळ, दोर यांचा मागोवा घेता येण्याजोगा आहे. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीकाठी खडकात खोदलेली गोदी अद्याप पाहावयास मिळते; तिची लांबी-रुंदी किती तारवांना पुरत असे हे कोणीही मोजून पाहावे. आणि हार्टलपूलला उभी असलेली ट्रिंकोमाली ही स्वतःच एक दस्तऐवज आहे. तिच्या फळ्यांचे सांधे कोठे मुंबईच्या रीतीचे आहेत आणि कोठे विलायती नकाशाच्या हुकमाचे, ही तपासणी एखाद्या सुताराला बरोबर घेऊन करावी.