बंदिश, उपदेश आणि अभाव

गतवर्षी दिल्लीत आस्वादलेल्या कलाकृतींपैकी दोहोंचा एकत्र विचार अगत्याचा वाटतो. कुमार गंधर्वांच्या ‘अनूपरागविलास’मध्ये (१९६५) स्वरलिपीबद्ध बंदिशी आहेत, गळा नाही, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) या चित्रपटात माईंचा ध्वनिमुद्रित उपदेश आहे, त्यांचे गाणे नाही. अभाव दोन्हीकडे आहे. परंतु ग्रंथातील अभाव वाचकाला गायला प्रवृत्त करतो, तर चित्रपटातील अभाव शरद नेरुळकर श्रद्धेने भरून काढतो. हयात गुरू समोर असूनही तो ध्वनिफितींनाच प्रमाण मानतो. त्याची शोकांतिका साधनेच्या उणिवेत नसून उपदेशालाच संगीत मानण्यात आहे. महाराष्ट्रापासून दूर, मुद्रित-ध्वनिमुद्रित साधनांवर विसंबून परंपरा अभ्यासणाऱ्या आम्हा दिल्लीस्थ अभ्यासकांना हा दोष परका नाही. तौलनिक अभ्यासात संहितेइतकेच तिच्यातून निसटलेलेही वाचावे लागते.